दोरीवरचा टॉवेल

टॉवेल वाळत घालायची युक्ती माझी नाही. ती आमच्या आधीच्या बॅचने आम्हाला सांगितली, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागे आम्हा शिकाऊ डॉक्टरांसाठी पत्र्याची एक खोली होती आणि तिच्या दारासमोर दोरी बांधलेली होती. आठवडा संपायच्या आत पळ काढायचा असला की निघताना टॉवेल भिजवून त्या दोरीवर टाकायचा आणि दाराला कुलूप न लावता नुसती कडी घालायची. बघणाऱ्याला वाटावं, डॉक्टर आत्ताच अंघोळ करून चहाला गेलेत, येतीलच. मी हे सगळं नीट केलं. टॉवेल पिळलासुद्धा नाही, कारण लवकर वाळला तर संशय येतो असं मला बजावलेलं होतं.

हे मी गेल्या वर्षापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. वाशीत माझा दवाखाना आहे, बरा चालतो. सोसायटीतली माणसं आपल्या मुलांच्या लग्नाची पहिली पत्रिका मला आणून देतात. मार्केटमधले माथाडी पाठ धरली की माझ्याकडेच येतात. मी कमी बोलतो, याचंही लोकांना कौतुक आहे. डॉक्टर गंभीर आहेत म्हणतात.

ज्यांना आमच्या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शेवटच्या वर्षाची परीक्षा पास झाली म्हणजे माणूस डॉक्टर होत नाही. मेडिकल कौन्सिल त्याला तात्पुरती नोंदणी देते. तिच्यावर फक्त नेमून दिलेल्या इस्पितळात, वरच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं, तेही वर्षभर. त्यातले तीन महिने खेड्यातल्या आरोग्य केंद्रात काढायचे. प्रत्येक विभागातून ‘काम समाधानकारक केले’ अशी सही आणायची. सगळ्या सह्या जमल्या की कॉलेज दाखला देतं, तो दाखला कौन्सिलकडे जातो आणि मग कायमचा नोंदणी क्रमांक मिळतो. तो मिळेपर्यंत स्वतःची पाटी लावणं, स्वतःच्या नावाने औषध लिहून देणं हा गुन्हा आहे.

माझी पाटी लागलेली होती.

माझं शिक्षण रखडत झालं. दोनदा नापास झालो. बरोबरचे केव्हाच पुढे गेले. वडील गिरगावात एका खाजगी कंपनीत कारकून होते. नातेवाइकांच्या घरी जाणं त्यांनी सोडलं होतं, कारण पहिला प्रश्न माझ्या निकालाचा असायचा. ते निवृत्त झाले आणि खाडीपलीकडे जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं. वाशी तेव्हा नुकती वसत होती. बिल्डिंगा उभ्या होत्या, पण रस्त्यांना झाडं नव्हती आणि अर्ध्या खिडक्या अंधाऱ्या. वडिलांनी वर राहायला जागा घेतली आणि खाली एक गाळा. गाळा माझ्या दवाखान्यासाठी, तोही माझा निकाल लागायच्या आधी. मी पास झालो त्याच महिन्यात त्यांनी पेंटरकडून पाटी रंगवून घेतली. माझं नाव, खाली एम. बी. बी. एस., आणि त्याखाली ‘रजि. नं.’ लिहून पुढे मोकळी जागा.

“हा नंबर कधी येतो रे?” त्यांनी विचारलं.

“पोस्टाने येतो, बाबा. फॉर्म्यालिटी असते.”

“मग बसायला काय हरकत आहे? आजूबाजूला एक डॉक्टर नाही. लोक मला विचारतात, तुमचा मुलगा डॉक्टर ना?”

हरकत काय होती ते मी त्यांना सांगितलं नाही. सत्ताविसाव्या वर्षी बापाला ‘अजून नाही’ असं तिसऱ्यांदा सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. कॉलेजच्या इस्पितळातून संध्याकाळी आलो की मी गाळ्यात बसू लागलो. वडील बाहेर स्टुलावर बसून नंबरचे बिल्ले देत. एखादी बाई पोराला घेऊन आली की ते उठून उभे राहत, “बसा, डॉक्टर आहेत आत.” ‘डॉक्टर’ हा शब्द ते कारण नसताना पुन्हा पुन्हा म्हणत.

मग खेड्यातले तीन महिने आले.

केंद्र तळोज्याच्या पुढे होतं. गावाचं नाव लिहीत नाही. तळोज्याला तेव्हा कारखान्यांच्या भिंती उठत होत्या आणि त्यांच्या मागे भातशेती तशीच होती. आम्ही चौघं शिकाऊ डॉक्टर होतो. चौघांनी आपसात ठरवलं, एकाने आठवडाभर राहायचं आणि बाकीच्या तिघांनी घरी. हजेरीपत्रकावर सह्या मात्र चौघांच्या. ज्याची पाळी असेल तो सोमवारी आल्याबरोबर शनिवारपर्यंतच्या सह्या करून टाकायचा, म्हणजे रोजची कटकट नको. केंद्राचे मुख्य डॉक्टर, ज्यांना आम्ही साहेब म्हणत असू, पनवेलहून स्कूटरवर येत आणि दुपारी परत जात. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, “मला रकाने भरलेले दिसले पाहिजेत. बाकी तुम्ही शहाणे आहात.”

केंद्र खऱ्या अर्थाने चालवत होत्या त्या सिस्टर. चाळिशीच्या, काळ्यासावळ्या, ठेंगण्या बाई. मूळच्या घणसोली गावच्या. नवरा लवकर गेलेला. नोकरी इतक्या वर्षांनीही टेम्पररीच होती. मला त्या पहिल्या दिवसापासून ओळखून होत्या. पहिलं बाळंतपण आलं तेव्हा त्यांनी हाक मारली, “या डाक्टर, हात धुवा.”

“तुम्ही करा ना सिस्टर, मी बघतो.”

“बगून पोर भायेर येत नाय,” त्या म्हणाल्या, आणि शिपाई हसला. मी दारातच उभा राहिलो. मला रक्ताची भीती नव्हती. मला उशीर होत होता. सगळ्याच गोष्टींना मला तेव्हा उशीर होत होता.

माझ्या दुसऱ्या पाळीचा तो आठवडा. सोमवारी मी सह्या केल्या. मंगळवारी दुपारी सिस्टर खोलीच्या दाराशी आल्या. म्हणाल्या, “वाडीवरच्या एका बाईचे दिस भरलेत. आज-उद्यात येईल. मागच्या बाळंतपनाला तिची वार अडकली होती. तवाचे डाक्टर होते म्हनून वाचली. या वक्ताला तुमी ऱ्हावा. वार अडकली तर हात घालून काढावी लागते, आनि ते मला करायची परवानगी नाय. डाक्टरनीच करायचं.” वार म्हणजे नाळेच्या टोकाचा गोळा, मूल झाल्यावर तो आपोआप पडायला हवा.

“हो, आहे मी शनिवारपर्यंत,” मी म्हणालो.

आणि मी खरंच राहणार होतो. पण त्याच्या आदल्या रविवारी वडिलांनी सांगितलेलं डोक्यात घोळत होतं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुरुवारी सकाळी दवाखान्यात येणार होते. त्यांच्या कानाची तक्रार होती. पण वडिलांच्या मते ते खरं बघायला येणार होते, कारण बत्तीस बिऱ्हाडांसाठी एक फॅमिली डॉक्टर नक्की करावा असं कमिटीत चाललं होतं. “तू नसलास तर ते सेक्टरातल्या त्या नव्या डॉक्टरकडे जातील,” वडील म्हणाले. “मी त्यांना शब्द दिलाय.”

बुधवारी संध्याकाळी ओपीडी आटोपली. साहेब केव्हाच गेले होते, गुरुवारी त्यांची तालुक्याला मीटिंग होती. मी टॉवेल भिजवला, दोरीवर टाकला, कडी घातली. शिपायाला म्हणालो, “जरा फाट्यापर्यंत जाऊन येतो.” फाट्यावर तळोज्याहून निघालेला एक ट्रक मिळाला, कळंबोलीपासून एस. टी. दिवे लागायच्या सुमाराला मी वाशीला घरी होतो. वाटेत त्या बाईची आठवण आली नाही असं म्हणालो तर खोटं होईल. आली. मी स्वतःला सांगितलं, गुरुवारी दुपारपर्यंत परत जायचंच आहे. एका रात्रीचा आणि एका सकाळचा तर प्रश्न.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी सेक्रेटरींच्या उजव्या कानातला मळ काढत होतो. कोमट पाण्याची पिचकारी, खाली किडनी ट्रे. मळ कडक झालेला होता, वेळ लागला. निघाला तेव्हा ते चकित होऊन म्हणाले, “अहो, एकदम आवाज यायला लागले!” वडील बाहेरून हसले. मी हात धुतले. ही वेळ मला इतकी नेमकी माहीत आहे, कारण नंतर चौकशीच्या कागदावर तिकडची वेळ मी वाचली.

तिकडे काय झालं ते त्याच दिवशी शिपायाकडून कळलं, ते असं. वाडीवरून त्या बाईला तिच्या नवऱ्याने आणि दिराने झोळीत घालून आणलं होतं. नऊच्या आधी ती बाळंत झाली. मूल रडलं. वार पडली नाही. सिस्टरनी इंजेक्शन दिलं, थांबल्या, आणि शिपायाला माझ्या खोलीकडे पिटाळलं. शिपाई परत येऊन म्हणाला, डॉक्टर हितंच हायेत, टॉवेल ओला हाय, कडीच घातलीय नुसती. सिस्टरनी त्याला चहाच्या टपरीवर पाठवलं. मग ओढ्याकडे. मग देवळाकडे. रक्त सुरू झालं होतं. डॉक्टर आवारात आहेत, पाच मिनिटांत येतील, असं समजून सिस्टर थांबल्या, कारण नियम तसा होता. त्या अर्धा तास थांबल्या. मग त्यांनी नियम सोडला आणि स्वतः हात घातला. वार निघाली, पूर्ण निघाली. पण तोवर बाई पांढरी पडली होती. टेम्पो मिळवून पनवेलला निघाले. ती पोचली नाही.

दोरी रिकामी असती, दाराला कुलूप असतं, तर त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच हात घातला असता, किंवा बाईला पनवेलला रवाना केलं असतं. ही साधी गोष्ट मला पहिल्या दिवशीच कळली. मी नसल्यामुळे ती बाई गेली असंही नाही. मी नसताना असल्यासारखा दिसलो, म्हणून गेली.

मी गुरुवारी दुपारी तीनला परत पोचलो. केंद्राच्या ओट्यावर कुणी नव्हतं. मोरीत सिस्टर चादरी धूत होत्या. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मी खोलीकडे गेलो, दोरीवरचा टॉवेल काढला. वाळला होता.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याहून दोन अधिकारी चौकशीला येणार असं कळलं. त्या मधल्या दिवसांत मी जेवलो असेन, पण आठवत नाही. वडिलांना पत्र येऊन गेलं होतं, सोसायटीने मला नक्की केलं होतं. त्यांनी पेढे वाटले. मी घरी गेलो तर एक पेढा माझ्यासाठी वाटीखाली झाकून ठेवलेला. तो मी खाल्ला.

चौकशीच्या सकाळी हातपंपाशी सिस्टर मला एकट्या भेटल्या. घागर भरत होत्या. पंप मारायचा थांबवला नाही, तशाच बोलल्या.

“डाक्टर, एकच सांगते. तुमी पळालात असं मी म्हननार नाय. तुमी म्हना, ताप आला, घरी गेलो. सह्या आदीच केल्या, ती चूक झाली म्हना. लई तर काय करतील? तीन महिने परत काढायला लावतील हितं. काढा. मी भाकर देईन रोज.”

मी घागरीकडे बघत होतो.

“पन हजर होतो म्हनू नका. तुमी हजर असलात, मग मी थांबले कशाला? आनि थांबले तर हात कशाला घातला? दोन्हीकडून माझीच मान.”

“बघतो,” मी म्हणालो.

“बगू नका,” त्या म्हणाल्या. “बोला.”

तीन महिने. एवढीच किंमत होती, आणि ती त्यांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितली, भाकरीसकट. मी आजही तो हिशेब करतो आणि मला माझाच अर्थ लागत नाही. पण त्या वेळी तीन महिने म्हणजे दवाखाना बंद, म्हणजे वडिलांना कारण सांगणं, म्हणजे बत्तीस बिऱ्हाडांपुढे त्यांनी परत तोंड लपवणं. मला वाटलं, ते यातून उठणार नाहीत. खरं तर मीच उठलो नसतो. वडिलांचं नाव घेणं सोपं पडतं.

साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावलं. रागावले नाहीत, खुर्ची दिली.

“वाशीला माझी बहीण राहते,” ते म्हणाले. “तुमची पाटी मी पाहिलीय.”

मी खुर्चीतून अर्धवट उठलो.

“टेन्शन घेऊ नका. मी बोलणार नाही. पण तुम्ही गैरहजर होतात असं कागदावर आलं तर ते विचारतील, कुठे होतात? मग पाटी निघेल. ते कौन्सिलकडे गेलं तर नंबर विसरा. चौघांच्या सह्या निघतील. माझंही निघेल. आणि बाई तर गेलीच आहे.” त्यांनी चष्मा पुसला. “एक वाक्य आहे. बोलून टाका.”

ओट्यावर टेबल मांडलं होतं. एक अधिकारी प्रश्न विचारत होता, दुसरा लिहून घेत होता. बाजूला बाकावर सिस्टर आणि शिपाई. शिपायाने आधीच सांगून टाकलं होतं की आपल्याला कुणी कुठे पाठवलं नाही. साहेबांची त्याच्याशीही खुर्ची टाकून बोलणी झाली असणार.

माझी पाळी आली. मी म्हणालो, “मी केंद्राच्या आवारात हजर होतो. मला कुणीही बोलावलं नाही.”

लिहिणाऱ्याने ते लिहून घेतलं. विचारणारा सिस्टरकडे वळला. “डॉक्टर आवारात असताना तुम्ही त्यांना न बोलावता स्वतः हात घातलात? परवानगी नसताना?”

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. एखाद्या ठिकाणी ठेवलेली वस्तू तिथे नसावी आणि आपण तिथेच पुन्हा पुन्हा बघावं, तसं.

“टॉवेल होता,” त्या म्हणाल्या.

“कसला टॉवेल?”

“दोरीवर. ओला होता.”

अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. लिहिणाऱ्याने ते लिहिलं नाही. मी कागदाकडेच बघत होतो, म्हणून मला माहीत आहे.

त्यांना कामावरून कमी केलं. टेम्पररी नोकरी, त्याला फार कागद लागत नाहीत. माझ्या दाखल्यावर साहेबांनी ‘काम समाधानकारक’ लिहून सही केली. काही महिन्यांनी कायमचा क्रमांक आला. वडिलांनी पेंटरला बोलावून मोकळ्या जागेत तो भरून घेतला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहून पाहिला.

त्यानंतर सिस्टर मला तीनदा भेटल्या.

पहिल्यांदा त्या दवाखान्यात आल्या. वडिलांनी त्यांना ओळखायचा प्रश्नच नव्हता, त्यांनी बिल्ला दिला आणि त्या पाऊण तास बाकावर बसून राहिल्या. नंबर आला तेव्हा आत आल्या, दार लोटून घेतलं.

“अपील केलंय,” त्या म्हणाल्या. “वकील बोलला, डाक्टरनं दोन ओळी लिहून दिल्या तर होईल काय तरी. तुमच्या छापील कागदावर. तुमचा नंबर हाय ना आता, त्याला वजन पडतं.”

मी पॅड पुढे ओढलं. खरंच ओढलं. पेन उघडलं. बाहेरून वडिलांचा आवाज आला, कुणाला तरी सांगत होते, “डॉक्टर घाई करत नाहीत, प्रत्येकाला नीट बघतात.” मी लिहू लागलो. लोहाच्या गोळ्या, जेवणानंतर एक, महिनाभर. कागद फाडून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो वाचला. त्यांना वाचता येत होतं, तीसेक औषधांची नावं त्या माझ्याहून बरी लिहीत. घडी घातली, कनवटीला लावली आणि गेल्या.

“कोण होत्या रे त्या?” वडिलांनी विचारलं. “फी न देता गेल्या.”

“गावातल्या आहेत. अशक्तपणा आहे.”

दुसऱ्यांदा त्या दिसल्या तेव्हा वाशीत पहिलं मोठं प्रसूतिगृह निघालं होतं. त्याच्या मालकीणबाईंनी मला ते दाखवायला बोलावलं, म्हणजे माझ्या पेशंट बायका मी तिथे पाठवाव्यात. आम्ही वॉर्डात शिरलो आणि समोरून सिस्टर आल्या. आयाची हिरवी साडी, हातात झाकलेलं बेडपॅन. “या डाक्टर,” त्या म्हणाल्या आणि वाट देण्यासाठी भिंतीला टेकल्या.

“ओळखता वाटतं?” मालकीणबाईंनी कौतुकाने विचारलं. “फार हुशार बाई आहे. नर्स असती तर सोनं झालं असतं.”

मी त्या प्रसूतिगृहात एकही पेशंट पाठवला नाही. आठ वर्षं माझ्या दिवस भरलेल्या बायकांना मी पूल ओलांडून चेंबूरला जायला लावलं. का, असं विचारलं की म्हणायचो, तिकडे सोयी बऱ्या आहेत. त्यातल्या एकीला टॅक्सीतच कळा वाढल्या. ती निभावली. निभावली नसती तरी मी सोयींचंच कारण सांगितलं असतं, हे मला माहीत आहे.

वडील गेले. दवाखान्यातच गेले, स्टुलावर बसल्या बसल्या, बिल्ल्यांचा डबा मांडीवर. त्या दिवसापासून माझ्यापाशी सबब उरली नाही. तरी मी काही केलं नाही. सबब गेली म्हणजे माणूस सुधारतो असं नाही, तो दुसरी शोधतो. माझी दुसरी सबब माझा मुलगा होता. त्याला डॉक्टर व्हायचं होतं.

मग गेल्या वर्षी एक नुकता पास झालेला पोरगा माझ्याकडे आला. ओळखीतला. त्याला संध्याकाळचं माझ्या दवाखान्यात बसायचं होतं. मी विचारलं, नोंदणी झाली का? म्हणाला, “होईल ना सर, रुरल चालू आहे.” मी विचारलं, मग आज इथे कसा? तो हसला. डॉक्टर लोक आपसात हसतात तसं हसला. “काय सर, तुमच्या वेळी नव्हतं का? आम्ही बूट ठेवतो दाराबाहेर. पॉलिश करून.”

मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. इतक्या मोठ्याने म्हणालो की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. तो गेला. जाताना दारात म्हणाला, “म्हातारं सटकलंय.” बरोबर होतं त्याचं. त्याला माझ्याकडून ऐकून घ्यायचं काही कारण नव्हतं.

त्या रविवारी दुपारी मी छापील कागदावर सगळं लिहिलं. टॉवेल, कडी, सेक्रेटरींचा कान, ते वाक्य, खाली सही आणि नोंदणी क्रमांक. आणि घणसोलीला गेलो.

गावात घरांना घरं चिकटलेली. शेतं गेल्यावर लोकांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. विचारत विचारत गेलो. सिस्टर ओट्यावर बसून सुकट निवडत होत्या. केस पांढरे झाले होते, पाय सुजलेले होते. मला पाहून सूप बाजूला सारलं.

“या. व्हिजिटला आलात? फी परवडनार नाय बाबा मना.”

मी उभाच राहिलो. सुनेने आतून खुर्ची आणली. मी कागद दिला. त्यांनी चष्मा मागवला आणि सावकाश वाचला, दोन वेळा. मधे एकदा म्हणाल्या, “कान? कानातला मळ?” मी मान हलवली. त्यांनी पुढे वाचलं.

“अपील कवाच फेटाललं,” त्या म्हणाल्या. “नोकरीत असते तरी आता रिटायर झाले असते. हा कोनाला देऊ मी?”

“जिल्ह्याला देतो मी. कौन्सिलकडेही पाठवतो.”

“मंग तुमचा नंबर जाईल.”

“जाऊ दे.”

“तुमाला आता सोपं हाय तसं बोलनं,” त्या म्हणाल्या. सरळ म्हणाल्या, टोचून नाही. मी विचारलं, त्या बाईचं मूल जगलं का. इतक्या वर्षांत मी हे कुणाला विचारलं नव्हतं. मुलगा होता का मुलगी, तेही मला ठाऊक नव्हतं.

“पोरगी होती. फुडं ठाव नाय. कंपन्या आल्या, वाडी उठली तितनं.”

मग त्यांनी कागदाची घडी सुपाखाली सरकवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “ते शिकलात का फुडं कवा? हात घालून वार काढायला?”

मला ते पाठ होतं. तोंडी परीक्षेत मी ते न अडखळता सांगितलं होतं, त्याच विषयात पास झालो होतो. पण मी म्हणालो, “नाही.”

“कदीच नाय?”

“नाही. बाळंतपण मी घेतच नाही. पुढे पाठवतो.”

त्या माझ्याकडे तशाच बघत होत्या, चौकशीच्या दिवशी बघत होत्या तशा. मग हात पदराला पुसले आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. पाची बोटं टोकाशी जुळवली.

“असा करायचा. नाल धरून वर जायाचं. ओढायची नाय, नुसती वाट दावते ती. ह्यो डावा हात वरून पोटावर, पिशवी दाबून. आत कड लागते. ती लागली की बोटांच्या बाजूनं सोडवत न्यायचं, भाकर तव्यावरनं सोडवतो तशी, कडेकडेनं. घाई केली तर तुकडा ऱ्हातो.” त्या थांबल्या. “करा.”

“काय?”

“हात करा तसा. बगू.”

मी हात पुढे केला. ओट्यावर, त्यांच्या सुनेसमोर, बोटं जुळवली. त्यांनी माझं मनगट धरून फिरवलं, पाहिलं आणि मान हलवली.

“आंगठा आत घ्या,” त्या म्हणाल्या. “असा भायेर ऱ्हायला तर बाई फाटंल.”

मी अंगठा आत घेतला.